आठ मिनिटांचं पान

वाचनमापन कक्षाचा तिमाही अहवाल सकाळी दहाच्या ठोक्याला येतो, आणि चहा झाल्याशिवाय तो उघडायचा नाही हा माझा नियम आहे. त्या दिवशी कशी कोण जाणे घाई केली. चहा पातेल्यातच राहिला.

अहवालात ‘पाणी तापत ठेवा’ या आमच्या पुस्तकापुढे लिहिलं होतं : सरासरी वेळ, पानामागे आठ मिनिटं चार सेकंद. वर्ग : अडखळ. शेरा : दुर्बोध.

आठ मिनिटं! साधारण वाचकाला छापील पान वाचायला दीड मिनिट लागतं. कायद्याचं पुस्तक असलं तर तीन. आठ मिनिटं एका पानावर बसायचं म्हणजे माणूस एकतर झोपला असेल किंवा मेला असेल. आणि हे पुस्तक काही अवघड नव्हतं. कुसुम मगदूम नावाच्या एका निवृत्त नर्सबाईंच्या आठवणी होत्या त्या. पस्तीस वर्षं आजरा-चंदगडच्या डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन त्यांनी बाळंतपणं केली, त्याची हकिगत.

मी मृणाल तेऊरवाडकर. गडहिंग्लजला दोन खोल्यांत ‘तिठा प्रकाशन’ चालवते. यादीत तेव्हा अकरा पुस्तकं होती. बारावं काढायची हिंमत गोळा करत होते.

आता ही मोजणी काय भानगड आहे ते सांगते, कारण ती आणण्यात माझाही हात होता.

पूर्वी सरकार गावोगावच्या वाचनालयांसाठी पुस्तकं निवडायचं तेव्हा एक समिती बसायची. समितीत ज्याची ओळख, त्याची पुस्तकं यादीत. ती गठ्ठ्याने खरेदी व्हायची आणि कपाटात पिवळी पडायची. आमच्यासारखे छोटे प्रकाशक बाहेर ताटकळत. मग वाचनपट्टी निघाली. कांद्याच्या सालीएवढी पातळ फीत, पुस्तकाच्या पाठीत बांधणीतच बसवलेली. तिला बॅटरी लागत नाही. पान उलटलं की पुस्तकाची पाठ किंचित वाकते, त्या वाकण्यातूनच तिला चालण्यापुरती वीज मिळते. पहिल्या पानाला पाठ जशी वाकते तशी शंभराव्या पानाला वाकत नाही, त्यामुळे कुठलं पान उघडं आहे हे तिला समजतं. हाताची ऊब समजते, म्हणजे पुस्तक हातात आहे की उशाशी पडलंय तेही कळतं. वेळ नोंदवते. वाचणारा कोण हे मात्र तिला माहीत नसतं, कायद्यानेच ते बंद आहे. पुस्तक परत करायला किंवा मुदत वाढवायला आणलं की टेबलावरची चकती सगळी नोंद ओढून घेते.

जे खरंच वाचलं जातं तेच सरकारने विकत घ्यावं, एवढी साधी मागणी होती. मी आणि माझा कॉलेजातला मित्र हर्षद केळुसकर, आम्ही दोघांनी मिळून त्याचं निवेदन लिहिलं होतं. सह्या गोळा करत जिल्हाभर हिंडलो होतो. धोरण झालं तेव्हा पेढे वाटले. हर्षद पुढे त्याच कक्षात उपसंचालक झाला आणि मी तेव्हाही पेढे वाटले.

धोरणात एक कलम होतं, ते वाचूनही आम्हाला कळलं नव्हतं. एखाद्या प्रकाशनाच्या एकूण वाचन-मिनिटांपैकी चाळीस टक्के मिनिटं सलग तीन तिमाहींत ‘अडखळ’ निघाली, तर ते प्रकाशन पाच वर्षं खरेदीच्या यादीबाहेर. तीन हजार पुस्तकांच्या बड्या प्रकाशकाला याने काही होत नाही, त्याची सरासरी हलतच नाही. अकरा पुस्तकांच्या घरात एक पुस्तक आडवं झालं की सगळं घर आडवं. ‘पाणी तापत ठेवा’ दोन तिमाही असंच आडवं पडलं होतं. ही तिसरी. निकाल पक्का व्हायच्या आधी लेखी खुलासा द्यायला मला तीस दिवस होते.

दोन तिमाहींनंतरच घाबरून मी एक गोष्ट करून बसले होते, ती इथे कबूल करायला हवी. कक्षाने प्रकाशकांना ‘सुबोधक’ नावाची एक प्रणाली फुकट दिली आहे. पुस्तक तिच्यात टाकलं की जिथे वाचक अडतात तिथली वाक्यं ती तोडते, मुरड घालते, गुळगुळीत करून देते. बडे प्रकाशक तर हल्ली लेखकाकडून हस्तलिखित आलं की आधी त्यातून काढतात, मग वाचतात. मी मगदूम सिस्टरांचं पुस्तक त्यातून काढलं आणि दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा म्हणून त्यांच्या घरी घेऊन गेले.

त्यांना सगळं गाव सिस्टरच म्हणतं. वय पंच्याहत्तर, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी चार पानं वाचली, बोट ओलं करून पाचवं उलटलं आणि थांबल्या.

“छान झाडूनपुसून दिलंयस गं,” त्या म्हणाल्या. “सगळी धांदल काढून टाकलीस.”

“सिस्टर, वाक्यं फार लांब होती. लोक अडतायत.”

“बाळंतपणात वाक्य कुठे संपतं? एक हात इथं, एक हात तिथं, तोंडाने तिसऱ्यालाच हाक मारायची. मी बोलत गेले तसं तूच टाइप केलंस ना? सहा महिने बसलीस माझ्यासमोर.”

“हो.”

“तेव्हा अडलीस कधी?”

वाचून झालेली चार पानं मी गठ्ठ्यावर परत नीट रचली.

“हे छाप तुला छापायचं तर,” त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. “फक्त वरचं माझं नाव काढ.”

त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतला नाही. रस्त्यात भेटल्या तर मान डोलवायच्या, तेवढंच. मला फार लागलं ते. आई गेल्यापासून मला अगं-तुगं करणारं माणूस गावात तेवढं एकच उरलं होतं. मसुदा मी कपाटात टाकला, छापला नाही, पण तसं त्यांना जाऊन सांगायचं धाडसही झालं नाही.

आणि आता हा तिसरा अहवाल.

दर बुधवारी आमची एक बैठक असते, पडद्यावरची. जगातले नऊ-दहा छोटे प्रकाशक जमतो. वाचनपट्टी आता सतरा देशांत गेली आहे, त्यामुळे रडगाणी सारखीच असतात. तिबिलिसीची नीनो माझी त्यातली लाडकी. चार पुस्तकं काढते आणि चाळीस पुस्तकांएवढी भांडते. कोण कुठल्या भाषेत बोललं तरी आपापल्या भाषेत ऐकू येतं, त्यामुळे नीनो मला झकास मराठी बोलते असं वाटतं.

“आठ मिनिटं?” ती म्हणाली. “आमच्याकडे सगळ्यात कंटाळवाण्या कवीलासुद्धा चार मिळाली. मृणाल, एवढा वेळ कुणी अडत नाही. अडलेला माणूस पुस्तक मिटतो. त्या पुस्तकाचं पुढे काय होतं ते बघितलंस?”

नव्हतं बघितलं. शेरा बघून मी इतकी खचले होते की तपशील मागवायचं सुचलंच नव्हतं. ज्या बाईने आकडे आणा म्हणून सह्या गोळा केल्या, तिने आकड्यांची पहिली ओळ वाचून डोक्याला हात लावला होता.

तपशील मागवला. आला त्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत बसले, आणि भीती जाऊन मला चांगलंच कुतूहल वाटायला लागलं. पुस्तक नऊ वाचनालयांत होतं. आठ ठिकाणी ते थोडंफार, रीतसर, दोन-दोन मिनिटांनी वाचलं गेलं होतं. मिनिटांचा सगळा डोंगर एकट्या नवव्या प्रतीचा होता. चंदगड तालुक्यातल्या सातगाळीच्या वाचनालयाची प्रत. ती रोज दुपारी अडीचला उघडायची आणि साडेतीनला मिटायची. रविवार सोडून रोज. त्या तासाभरात हाताची ऊब एकदाही तुटत नव्हती, म्हणजे कुणी झोपत नव्हतं. आणि पुस्तक संपलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पान एकपासून सुरू. या एका तिमाहीत तीनदा वाचून झालं होतं, चौथ्यांदा चालू होतं.

एखादं पुस्तक इतकं दुर्बोध असेल, तर ते लागोपाठ चौथ्यांदा कोण घेऊन बसेल?

मोठ्याने वाचत असणार, हे पहिल्यांदा डोक्यात आलं. मी दार लावून घेतलं, घड्याळ समोर ठेवलं आणि एक पान मोठ्याने वाचलं. अडीच मिनिटं. पुन्हा सावकाश वाचलं, अगदी आजीला वाचून दाखवावं तसं. पावणेतीन. गंमत म्हणजे जी वाक्यं डोळ्यांना लांब वाटत होती ती जिभेवर सरळ चालत होती. श्वास घ्यायला जागा जिथल्या तिथे होत्या. सिस्टर बोलल्या होत्या ना ती, लिहिली कुठे होती!

पण उरलेली सव्वापाच मिनिटं? पान उघडं, हात त्यावर, आणि वाचन बंद. रोज, प्रत्येक पानाला. ती सव्वापाच मिनिटं मला झोपू देईनात. दुसऱ्या दिवशी सकाळची विजेवरची एसटी पकडली.

सातगाळीचं वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या वरची एक खोली. ग्रंथपाल भिकाजी धुरी पुस्तकावर पुस्तक रचत म्हणाले, “ते व्हय? ते वैजयंताकडं असतंय. वैजयंता गावडे. दर पंधरा दिवसांनी येती, शिक्का मारून परत न्हेती. आता दुपारची काजूत असंल बघा.”

काजूत म्हणजे काजूच्या कारखान्यात. गावाबाहेर पत्र्याच्या दोन लांब शेड. एका शेडमध्ये बिया उकडून फोडतात, तिथे टकटक आणि उग्र वास. काजूच्या टरफलात एक काळं तेल असतं, ते लागलं की कातडी भाजते. दुसऱ्या शेडमध्ये वाळवलेल्या गरावरची तांबूस साल सोलतात. तिथे बऱ्यापैकी शांतता होती आणि बाया जमिनीवर दोन रांगांत बसल्या होत्या, पुढ्यात ताटं. मी मोजल्या, तेवीस. भिंतीला टेकून चोविसावी बसली होती. पन्नाशीची, हातात पांढरे सुती मोजे, मांडीवर आमचं पुस्तक. मुकादम दारात स्टुलावर बसला होता. मी आत येताना त्याने तोंडावर बोट ठेवलं, गप्प राहा म्हणून.

वैजयंता एकेचाळिसावं पान वाचत होती. त्यात सिस्टर चार तास चालून एका वाडीवर पोचतात, तोवर मूल झालेलं असतं आणि सासूने विळ्याने नाळ कापलेली असते. सिस्टर रागाने लाल होतात, पण बाळ-बाळंतीण ठणठणीत बघून काहीच न बोलता चहा पितात आणि परत फिरतात. वैजयंता झरझर वाचत होती, एका दमात, वाक्य संपेल तिथेच श्वास. सहा महिने मी ज्या आवाजासमोर बसले होते त्याचीच चाल होती ती, आणि या बाईने तो आवाज कधी ऐकलेला नव्हता.

ती थांबली. पुस्तक मिटलं नाही, हात पानावरच ठेवला.

“बोलाय पायजे व्हतं तिनं,” एक तरणी बाई म्हणाली. “इळ्यानं नाळ कापत्यात व्हय?”

“बोलून काय करणार? पोर झालतं न्हवं?” दुसरी म्हणाली.

“माझ्या सासूनं पण इळाच घेटलेला,” रांगेच्या टोकाची म्हातारी म्हणाली. तिला सगळ्या शालनमावशी म्हणत होत्या. “थोरला वाचला. धाकटा न्हाई वाचला. मी तिला कधी बोललो न्हाई. आता ती बी गेली. बोलाय पायजे व्हतं काय, ते अजून कळंना झालंय.”

बोटं चालू होती, साली पडत होत्या. मग तिसरीने स्वतःच्या बहिणीचं सांगितलं, त्यावर दोघी हसल्या, एकीने डोळे पुसले. मग शालनमावशी म्हणाली, “वाच गं फुडं,” आणि वैजयंताने पान उलटलं.

मी मनगटावर बघितलं. आठ मिनिटं होत आली होती.

साडेतीनला घंटा झाली. ताटं वजनाला न्यायला बाया उठल्या, आणि जाता जाता प्रत्येकीने आपल्या ताटातली एक मूठ वैजयंतासमोरच्या रिकाम्या ताटात टाकली. मला काही कळलं नाही. मी शालनमावशीला विचारलं.

“तिचे हात बघा की,” ती म्हणाली.

वैजयंताने मोजा काढला. तळहाताची कातडी जळालेल्या कागदासारखी सुटत होती. फोडणीच्या शेडमध्ये वीस वर्षं काढली होती तिने. डॉक्टरांनी काजूला हात लावू नको म्हणून सांगितलं. मालक शहरात असतो, काम न करणारी बाई तो एक दिवस ठेवणार नाही. “मग मी यास्नी म्हटलो, मी वाचतो, तुमी सोला,” ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी वाचतो, मी जातो. “काट्यावर माझ्या नावाचं वजन पडतंय, तेवढं मालकाला बास झालं. बाकीचा वेळ झाडलोट करतो.”

“तुमी कशाला आलासा पण?” शालनमावशीने विचारलं.

पुस्तक मी छापलंय म्हटल्यावर त्यांनी मला गराडाच घातला. सिस्टर जिवंत आहेत का, पुढचं पुस्तक कधी, त्या वाडीचं नाव खोटं घातलंय का. मला इतका आनंद झाला होता की परतीच्या एसटीत बसल्या बसल्या मी मूर्खपणा केला. हर्षदला फोन लावला.

“हर्षद, दुर्बोध नाहीये ते! तेवीस बायका ऐकतायत. रोज. पानापानाला वाद घालतायत.” मी सगळं सांगत सुटले. कारखाना, दुपारची वेळ, विळा. मुठींचं तेवढं सांगितलं नाही, ते बरं झालं.

हर्षद वाईट माणूस नाही, हे मला इथे स्पष्ट सांगायचं आहे. त्याचा आवाज माझ्याइतकाच उजळला. “तेवीस? मृणाल, सामूहिक श्रवणाचं कलम आहे आपल्याकडे, सतरावं. आजवर कुणी वापरलेलंच नाही. मिनिटं गुणिले तेवीस होतील. तुझं पुस्तक राज्यात पहिलं येईल. तिठा वाचेल. मी पंधरा दिवसांत पथक पाठवतो.”

“पथक कशाला?”

“पडताळणीला. प्रत्येकीचं नाव, कामाची जागा, मुकादमाची सही, त्या तासात कुणी किती काम केलं त्याचं वजन. आणि कानाला एक चिमटा लावायचा आठवडाभर. लक्ष आहे की नाही ते कळतं त्याच्यात. दुखत नाही अजिबात.”

एसटी घाटात वळली आणि वैजयंतासमोरचं रिकामं ताट माझ्या डोळ्यांपुढे आलं.

“नको पाठवूस,” मी म्हणाले. “मी कलम सतराचा अर्जच करत नाही.”

“अर्जाचा प्रश्न नाही आता. एवढी मोठी विसंगती दिसल्यावर मला जागेवर माणसं पाठवावीच लागतात. प्रकाशकाचा समाधानकारक खुलासा आला तरच फाइल बंद होते.” मग तो म्हणाला, “काय झालं, मृणाल?”

“समाधानकारक म्हणजे?”

“म्हणजे पुस्तकच अवघड आहे असं तू लिहून दिलंस तर. मग विसंगती उरत नाही. पण मग मला तुला यादीतून काढावं लागेल. पाच वर्षं. वेड्यासारखं काही करू नकोस.”

दोन दिवस मी काही केलं नाही. एक सोपी वाट होती, ती डोक्यात घोळत होती. पथक आलं तर येऊ दे, त्या तासाला वैजयंताने चार काजू सोलल्यासारखं केलं की झालं. पण हात सगळ्यांना दिसणार होते. आणि माझं प्रकाशन वाचावं म्हणून त्या बाईने पुन्हा काजूला हात लावायचा, हे माझ्या डोक्यात तरी कसं आलं, याची मला लाज वाटली. तिसऱ्या दिवशी पुन्हा सातगाळीला गेले. ज्यांच्याबद्दल ठरवायचं त्यांना विचारायला नको?

शेडमध्ये बसून सगळं सांगितलं. पट्टी, यादी, चिमटा, वजन. हेही सांगितलं की माझ्याच तोंडातून निघून गेलं.

वैजयंता मोज्यांची बोटं ओढत होती. “ताई, तुमचं दुकान बंद पडंल?”

“वाचनालयं पुस्तकं घेणार नाहीत. मग अवघड आहे.”

“मग लिवा माझं नाव. मी बघतो माझं काय ते. लेकाकडं जातो बेळगावला.”

“आणि वाचणार कोण?” तरणी बाई म्हणाली.

शालनमावशीने सोललेला गर ताटात टाकला. “त्यो चिमटा कानाला लावून माणसं हितं बसणार?”

“आठवडाभर.”

“मग आमी काय बोलणार?” ती म्हणाली. “धाकट्याचं मी घरात बी कधी बोललो न्हाई. हितं बोललो. ते कागदावर जाणार असलं तर मी न्हाई बोलायची. कुणीच न्हाई बोलायची. मग तुमच्या मशीनला काय गावणार, ती नुसती वाचती तेवढंच.”

खरं होतं. सव्वापाच मिनिटं मोजायला माणसं आली की ती सव्वापाच मिनिटं तिथे नसतील. पथकाला अडीच मिनिटांचं पान मिळेल, नोंद स्वच्छ होईल, वैजयंता बेळगावला जाईल आणि माझं पुस्तक राज्यात पहिलं येईल.

“तुमी काय लिवायचं ते लिवा ताई,” शालनमावशी म्हणाली. “पर हितं माणसं नको.”

घरी आले आणि खुलासा लिहिला. तीन ओळींचा. सातगाळी येथील प्रतीच्या नोंदी आम्ही तपासल्या. वाचक अडखळतात हे मान्य आहे. पुस्तक दुर्बोध आहे. खाली सही करायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. हर्षदला खरं माहीत होतं, पण कक्षात हर्षद बोलत नाही, कागद बोलतो. त्याची मला काळजी नव्हती. काळजी दुसरीच होती. पुस्तक माझं एकटीचं नव्हतं.

सिस्टर अंगणात शेंगा निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मान डोलवली, आणि पुन्हा शेंगांकडे बघायला लागल्या.

“सिस्टर, तो मसुदा मी छापला नाही,” मी उभ्यानेच म्हणाले. “कधी छापणार नाही. चुकले मी. पण त्याहून वाईट काहीतरी लिहून आणलंय, ते तुम्हाला विचारल्याशिवाय पाठवणार नाही.”

त्यांनी पाट सरकवून दिला. मी बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. वैजयंताच्या हातांचं सांगितलं तेव्हा त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

“कुठवर आलंय सोलवटणं? मनगटापर्यंत?”

“तळहात सगळे.”

“खोबरेल लावायला सांग, रोज झोपताना. आणि मोजे रोज धुवायला सांग. नाही, तू राहू दे, मीच जाते.” मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “एकेचाळीस पान म्हणजे विळ्याचं ना?”

“हो.”

“तीस वर्षं झाली त्याला. मी बोलायला हवं होतं का तेव्हा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांचं काय ठरलं?”

“नाही ठरलं. चौथ्यांदा वाचतायत.”

सिस्टर हसल्या. किती महिन्यांनी! मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, तिन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या, पुन्हा एकदा वाचल्या.

“तुझ्या प्रकाशनाचं काय होणार?”

“वरची खोली सोडून देईन. गाइडांची मुद्रितं तपासेन. तिबिलिसीची एक बाई म्हणते, पट्टी नसलेली पुस्तकं काढ, मोठ्या अक्षरात, मोठ्याने वाचायची. बघू. पाच वर्षं काढायची आहेत.”

पस्तीस वर्षांचं काम त्या तिसऱ्या ओळीत होतं आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

“हे जमलं नाही तुला,” त्या शेवटी म्हणाल्या. “नुसतं ‘दुर्बोध’ लिहिलंयस. उद्या कुणाला तरी वाटेल, बघू या तरी जाऊन किती दुर्बोध आहे. ‘अत्यंत’ घाल आधी.”

मी पेन काढलं, गुडघ्यावर कागद धरून ‘अत्यंत’ घातलं आणि खाली सही केली. मग त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं, माझ्या सहीखाली आपली सही केली आणि कंसात लिहिलं, लेखिका.